कॅम मागं-पुढं

मिस्त्रींनी तळहातावर ठेवून दाखवलेली वस्तू अंगठ्याहून थोडी मोठी होती. एका टोकाला वायर लावायची जागा, दुसऱ्या टोकाला खाचा पाडलेली पोलादी नळी आणि खाचांवर बारीक जाळी. जाळी आहे हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. वर डांबरासारखा काळा थर बसला होता. गेले पंधरा दिवस गाडी सिग्नलला थांबली की थरथरत होती, चढाला दम टाकत होती, ॲव्हरेज पडलं होतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं होतं. स्कॅनर लावल्यावर कोड आला पी००११.

"तेल कधी बदललं होतं, साहेब?"

"झाले असतील सहा-सात महिने," मी म्हणालो. खरं तर सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. मिस्त्रींनी जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विषय वाढवला नाही.

"पण हे करतं काय?"

"कॅम मागं-पुढं करतं."

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. त्या तीन शब्दांत दुरुस्ती करावी असं काही सापडलं नाही. फक्त कॅम मुळात मागं-पुढं करावाच का लागतो, ते सांगायला तीन शब्द पुरत नाहीत.

पेट्रोल इंजिनाचे चार टप्पे शाळेतच पाठ झालेले असतात. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं, वर येताना ते दाबलं जातं, ठिणगी पडते आणि पिस्टन खाली फेकला जातो, पुन्हा वर येताना जळका धूर बाहेर ढकलला जातो. एवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. झडपा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत व्हॉल्व्ह, उघडणारा कॅमशाफ्ट मात्र तेवढ्या वेळात एकच फेरा घेतो, कारण साखळीने बांधलेल्या या जोडीत कॅमच्या चाकाला दुप्पट दाते असतात. कॅम म्हणजे दांड्यावरचा अंडाकृती फुगवटा. त्याचं टोक झडपेवर आलं की झडप दाबली जाते. ते पुढे सरकलं की स्प्रिंग तिला जागेवर बसवते. कोणती झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे त्या फुगवट्याच्या आकारात आणि साखळीच्या दात्यांत कायमचं कोरलेलं असतं.

फळ्यावरच्या आकृतीत पिस्टन वरच्या टोकाला आला की हवेची झडप उघडते आणि तो खालच्या टोकाला पोचला की मिटते. धुराच्या झडपेचंही तसंच. आकृती नीटनेटकी असते, पण रस्त्यावर धावणारं इंजिन असं कुणी बनवत नाही. कारण आकृतीत घड्याळ नसतं आणि हवेचं वजनही नसतं.

आधी घड्याळ बघू. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेरे घेतं. पिस्टनला वरून खाली यायला तेव्हा सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४० मिलिसेकंद मिळतात. तेच इंजिन ६००० फेऱ्यांवर ओढलं की हा वेळ उरतो ५ मिलिसेकंद. प्रत्येक झडप तेव्हा सेकंदाला पन्नास वेळा उघडते आणि मिटते. तिला आपण डोळ्यांनी पाहू शकलो असतो, तर ती दिसलीच नसती. नुसती धूसर झाली असती.

आता वजन. १.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० घन सेंटिमीटर हवा येते. तिचं वजन ग्रॅमच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त, तांदळाच्या पंधरा-वीस दाण्यांएवढं. एरवी ते लक्षात येण्यासारखं नाही. पण पाच मिलिसेकंदांत हे दाणे स्थिर अवस्थेतून पळवायचे आणि परत थांबवायचे म्हटलं की ते आडमुठे होतात. पिस्टन खाली निघाला तरी हवा लगेच निघत नाही, आणि एकदा सुटली की पिस्टन थांबला तरी ती थांबत नाही.

गर्दीच्या वेळी दादरला लोकल आलेली पाहा. उतरणारे गाडी पुरती थांबायच्या आधीच दारातून बाहेर झेपावतात. शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबायचं असतं हे चढणाऱ्यांना माहीत असतं, पण थांबत कुणीच नाही. एका कडेने उतरणं आणि दुसऱ्या कडेने चढणं एकाच वेळी चालू असतं. गाडी हलली तरी मागचा रेटा चालूच असतो आणि त्या रेट्याने आणखी दोघं-तिघं आत जातात. दाराने 'गाडी थांबली, आता उघडतो. गाडी सुटली, आता मिटतो' असा शिस्तीचा बाणा ठेवला असता, तर निम्मे लोक फलाटावर राहिले असते.

इंजिनाच्या झडपाही असंच वागतात. पिस्टन खालच्या टोकाला पोचायच्या बऱ्याच आधी, क्रँकच्या फेऱ्यातले चाळीस-पन्नास अंश बाकी असतानाच, धुराची झडप उघडते. आत अजून दाब असतो. त्या दाबानेच धूर स्वतःहून बाहेर धावतो आणि पिस्टनला त्याला ढकलण्याचे श्रम कमी पडतात. हवेची झडप पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधी उघडू लागते. धुराची झडप त्यानंतर थोड्या वेळाने मिटते. म्हणजे काही क्षण दोन्ही दारं उघडी. या दुहेरी उघडीपाला इंग्रजीतून आलेला ओव्हरलॅप हाच शब्द सगळीकडे वापरतात. वेगात असताना बाहेर धावणारा धूर आपल्या मागे पोकळी सोडतो आणि ताज्या हवेला जणू हात धरून आत ओढतो. आणि शेवटी, पिस्टन खालच्या टोकाला पोचून वर यायला लागला तरी हवेची झडप आणखी चाळीस-साठ अंश उघडीच राहते. वेगाच्या भरात असलेली हवा वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता आत घुसत राहते. फुकटचा माल.

पण हा माल वेगातच मिळतो. ७५० फेऱ्यांवर हवेला रेटा नसतो. झडप तेव्हाही तितकीच उशिरा मिटली तर वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. ओव्हरलॅपचं तर आणखी वाईट. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली, हवेच्या नळीत पोकळी. अशा वेळी दोन्ही दारं उघडी राहिली तर धूर बाहेर जायचं सोडून उलटा हवेच्या नळीत शिरतो. पुढच्या खेपेला सिलिंडर स्वतःचाच शिळा श्वास घेतो, ठिणगी पडते पण भडका नीट होत नाही, इंजिन 'मिसिंग' मारतं. शर्यतीच्या गाड्या उभ्या असताना बंद पडतील की काय अशा धडधडतात, ते याच कारणाने. त्यांचे कॅम आठ हजार फेऱ्यांसाठी घासलेले असतात. सिग्नलला उभं राहणं त्यांच्या हिशेबात नसतं.

रोजच्या गाडीला मात्र दोन्ही जमलं पाहिजे. मग कॅम बनवणारा इंजिनिअर मध्ये कुठेतरी बोट ठेवायचा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला चाळीस अश्वशक्ती होती. त्या इंजिनाचा कॅम शहाण्या, पोक्त गृहस्थासारखा: सिग्नलला बऱ्यापैकी गप्प, घाटात बऱ्यापैकी दमदार, कशातच अव्वल नाही. वर्षानुवर्षं जगभरच्या बहुतेक गाड्यांचा कॅम असाच तडजोडीचा होता. ट्रॅफिकमध्ये चालवा, नाहीतर एक्सप्रेसवेवर, झडपांचं वेळापत्रक एकच.

गंमत अशी की ही अडचण रेल्वेने कधीच सोडवली होती. वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर गाडी सुटताना हाताजवळचा लिव्हर पुढे टाकायचा, तेव्हा पिस्टनच्या प्रवासाचा तीन चतुर्थांश भाग संपेपर्यंत सिलिंडरमध्ये वाफ येत राही. डबे हलवायला तेवढा जोर लागायचा. गाडीने वेग घेतला की तो लिव्हर हळूहळू मधल्या खाचेकडे आणायचा. आता वाफेचा दरवाजा पिस्टनने पाव वाट चालली की मिटायचा आणि उरलेली वाट आत कोंडलेली वाफ फुगत फुगत पिस्टनला ढकलायची. कोळसा वाचायचा, पाणी वाचायचं. ही सोय देणारी स्टीफन्सनच्या कारखान्यातली यंत्रणा १८४२ ची, आणि बेल्जियमच्या एगीद वाल्शार्टची त्यानंतर दोन वर्षांची. भारतीय रेल्वेची बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची डब्ल्यूपी इंजिनं वाल्शार्टच्याच पद्धतीने चालत. चाकांच्या बाजूला जो दांड्यांचा गुंता हलताना दिसायचा, त्यात हीच करामत होती. झडपांची वेळ चालत्या गाडीत बदलण्याची कला शंभर वर्षं जुनी होती. तिला फक्त समोर बसलेला जाणता माणूस लागायचा.

पेट्रोलच्या इंजिनात तो माणूस बसवणं अवघड होतं. डब्ल्यूपीचं मोठं चाक ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला जेमतेम पाच फेरे घेई. मोटारीचा कॅमशाफ्ट सेकंदाला पन्नास. तो साखळीला जखडलेला, वर तेलाने माखलेला आणि झाकणाखाली बंद. फिरत्या दांड्याला त्याच्याच चाकाच्या तुलनेत किंचित पुढे पिळायचं, ते पकडून ठेवायचं आणि गरज संपली की मागे आणायचं. हे सगळं करणारं काहीतरी एका डब्यात, स्वस्तात आणि दोन लाख किलोमीटर टिकेल असं बसवायला हवं होतं.

विकायला ठेवलेल्या गाडीत हे पहिल्यांदा जमवलं अल्फा रोमिओने, १९८० साली, अमेरिकेत जाणाऱ्या स्पायडर २००० मध्ये. तिथले इंजिनिअर जिआम्पाओलो गार्चेआ यांची ती रचना. त्यात हवेच्या झडपांचा कॅम दोनच ठिकाणी राहायचा, इकडे किंवा तिकडे. मधलं काही नाही. पण मला त्यात खरी नोंद घेण्यासारखी वाटते ती वेगळी गोष्ट. ही युक्ती गाडी जास्त पळावी म्हणून केली नव्हती. अमेरिकेचे धुराचे नियम कडक झाले होते आणि उभ्या गाडीत ओव्हरलॅपमुळे न जळलेलं पेट्रोल धुरासोबत निघून जायचं. कमी फेऱ्यांवर ओव्हरलॅप काढून घ्यायचा आणि वर गेल्यावर परत द्यायचा, एवढ्यासाठी तो खटाटोप होता. व्हीव्हीटी, म्हणजे झडपांची वेळ बदलण्याची ही युक्ती (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग), म्हटलं की लोकांना 'पिकअप' आठवतो. त्याचा जन्म मात्र नळकांड्याच्या टोकाला झाला.

सुरुवातीच्या अशा यंत्रणांत कॅम पिळायला तिरके दाते असलेला एक तुकडा वापरत. तेलाच्या दाबाने तो पुढे ढकलला की दात्यांच्या तिरकेपणामुळे दांडा थोडा फिरे, स्क्रू फिरावा तसा. बीएमडब्ल्यूने १९९२ मध्ये आणलेला व्हॅनॉस याच जातीचा. आता बहुतेक गाड्यांत असतं ते याहून सोपं आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं यंत्र. त्याला फेझर म्हणतात.

चार कप्पे पाडलेला एक गोल डबा डोळ्यांसमोर आणा. डब्याच्या बाहेरच्या कडेला दाते, त्यांवर टायमिंग चेन. डब्याच्या आत चार पाकळ्यांचं पोलादी फूल, एकेक पाकळी एकेका कप्प्यात. फूल थेट कॅमशाफ्टला बोल्टने घट्ट बसवलेलं. साखळी डबा फिरवते, डबा फुलाला फिरवतो, फूल कॅमला. पण पाकळी कप्प्यापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. या जागेत इंजिनाचं तेल भरतात. पाकळीच्या मागच्या बाजूला तेलाचा दाब वाढवला आणि पुढचं तेल जायला वाट दिली की चारही पाकळ्या आपापल्या कप्प्यात पुढे सरकतात. डबा पूर्वीच्याच चालीने फिरत असतो. त्याच्या पोटातलं फूल मात्र वीस-पंचवीस अंश पुढे निघून गेलेलं असतं. क्रँकच्या हिशेबात हे दुप्पट, म्हणजे चाळीस-पन्नास अंश. दोन्ही बाजूंचं तेल कोंडून टाकलं की फूल असेल तिथे थिजतं. तेल हेच इथे गिअर, क्लच आणि ब्रेक.

तेल कोणत्या बाजूला सोडायचं हे ठरवते माझ्या मिस्त्रींच्या तळहातावरची ती नळी. तिच्या आत एक दांडी मागे-पुढे सरकते आणि एक खाच उघडून दुसरी झाकते. दांडीला ढकलणारी विजेची गुंडाळी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होते. चालूचा वाटा जास्त ठेवला की दांडी जास्त ढकलली जाते, कमी केला की कमी. त्यामुळे कॅम इकडे किंवा तिकडे असा नव्हे, तर मधल्या कुठल्याही अंशावर धरता येतो. क्रँकजवळ एक सेन्सर आणि कॅमजवळ एक. दोघांची उत्तरं संगणक सतत ताडून पाहतो आणि फरक दिसला की तेलाचा नळ किंचित फिरवतो. पी००११ म्हणजे एवढंच की संगणकाने कॅमला मागे यायला सांगितलं होतं आणि कॅम आला नाही.

आता गाडी सिग्नलला उभी राहिली की हवेचा कॅम पुरता मागे असतो. हवेची झडप उशिरा उघडते, ओव्हरलॅप जवळजवळ नाही, इंजिन शांत. सिग्नल सुटला, निम्मा ॲक्सिलरेटर दिला की कॅम पुढे येतो. हवेची झडप लवकर मिटते, आत आलेली हवा परत जात नाही आणि कमी फेऱ्यांवरही गाडी जोराने उचलते. याच वेळी ओव्हरलॅपही वाढतो आणि थोडा धूर आत राहतो, पण आता तो मुद्दाम ठेवलेला असतो. तो पुन्हा जळत नाही, नुसती जागा अडवतो आणि भडका थोडा थंड ठेवतो. भडका थंड राहिला की नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी बनतात. आणि मोकळ्या रस्त्यावर फेरे वाढत गेले की कॅम पुन्हा मागे सरकतो, झडप उशिरा मिटते आणि हवेच्या रेट्याचा फुकटचा माल पदरात पडतो. धुराच्या कॅमलाही असंच फूल लावलं की ते दुहेरी व्हीव्हीटी. गाड्यांच्या पाठीवरच्या व्हीव्हीटी-आय, व्हीटीव्हीटी वगैरे पाट्या वाचून गोंधळून जायचं कारण नाही. पाट्या कंपन्यांच्या, फूल तेच.

फुलाला एक मर्यादा आहे. ते झडपेची वेळ सरकवतं, पण झडप किती काळ उघडी राहणार आणि किती खोल उघडणार हे कॅमच्या फुगवट्यात ठरलेलं असतं. दुकान सकाळी नऊऐवजी अकराला उघडता येतं, पण आठच तास उघडं राहतं. होंडाने हात घातला तो या आठ तासांना.

१९८० च्या दशकात होंडाचे इकुओ काजितानी नव्या १.६ लिटर इंजिनावर काम करत होते. लिटरमागे ९० अश्वशक्तीचं लक्ष्य होतं आणि तेच त्या काळी धाडसाचं होतं. होंडाच्या संशोधन विभागाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी विचारलं, मग शंभरच का नाही? एप्रिल १९८९ मध्ये इंटेग्रा बाजारात आली तेव्हा तिच्या १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती निघत होती, तीही टर्बोशिवाय. युक्ती अशी: झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी तीन कॅम. कडेचे दोन ठेंगणे, रोजच्या वापराचे. मधला उंच आणि रुंद, शर्यतीचा. तिन्हींवर एकेक हलणारा हात, पण मधला हात एरवी नुसताच हवेत हलतो, झडपेला स्पर्श करत नाही. फेरे पाच हजारांच्या वर गेले की तेलाचा दाब एक खिट्टी सरकवून तिन्ही हात एकत्र जखडतो. त्या क्षणापासून झडपा मधल्या उंच कॅमच्या हुकमात. एकाच डोक्यात दोन इंजिनं.

होंडाने या युक्तीला दिलेलं व्हीटेक हे नाव आपल्याकडे रुजलं ते २००० च्या दशकाच्या सुरुवातीच्या १.५ लिटर होंडा सिटीमुळे. जुन्या 'सिटी व्हीटेक'च्या आठवणीने आजही काही जणांचे डोळे पाणावतात. मला हे कौतुक जरा जास्त वाटतं. तिचा व्हीटेक इंटेग्राइतका तिखट नव्हता, आणि आपल्या रस्त्यांवर पाच हजारांच्या वर इंजिन नेण्याचे प्रसंग महिन्यातून किती येतात, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं. हीच गंमत आज स्वस्तात अनुभवायची तर मोटारसायकल बरी. यामाहाच्या १५५ सीसी आर१५ मध्ये २०१८ पासून हवेच्या झडपांसाठी दोन कॅम आहेत. ७४०० फेऱ्यांवर विजेची खिट्टी सरकते, उंच कॅम ताबा घेतो आणि मीटरवर 'व्हीव्हीए' ही अक्षरं उमटतात. कॉलेजातली मुलं ती अक्षरं दिसावीत म्हणून गिअर उशिरा बदलतात, हे मी स्वतः मागे बसून पाहिलं आहे. पुन्हा बसणार नाही.

इथवरची कथा जास्त हवा आत घेण्याची झाली. ती उलटी फिरली १९९७ च्या डिसेंबरात, टोयोटा प्रियस आली तेव्हा. तिचं इंजिन १.५ लिटरचं, झडपांची वेळ बदलणारं, आणि ताकद फक्त ५८ अश्वशक्ती. इंटेग्राहून जेमतेम शंभर सीसी लहान असलेल्या इंजिनाची शक्ती तिच्या निम्म्याहूनही कमी, आणि टोयोटाला ते तसंच हवं होतं.

का, ते समजायला उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसा. स्ट्रॉ बोटांनी चिमटून रस ओढला तर गाल दुखतात आणि तोंडात रस थेंबभरच येतो. शहरात गाडी चालवताना इंजिन सगळा दिवस हेच करत असतं. ताकद थोडीच हवी असते, म्हणून थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते, आणि पिस्टनला त्या चिमटलेल्या वाटेतून हवा ओढायला लागते. पेट्रोलचा एक हिस्सा गाडी पुढे नेण्याऐवजी या ओढाताणीत जातो. डिझेल इंजिनात हवेची वाट चिमटून ताकद कमी करत नाहीत, डिझेलच कमी टाकतात. त्यांचं ॲव्हरेज जास्त असण्याचं हे एक कारण.

प्रियसच्या इंजिनाने हवेची झडप भलतीच उशिरा मिटवली. पिस्टन बराच वर येईपर्यंत ती उघडीच, आत आलेल्या हवेतली बरीचशी परत बाहेर. आधी जो दोष म्हणून सांगितला, तोच इथे मुद्दाम केलेला आहे. थोडी हवा हवी असेल तर स्ट्रॉ चिमटायची गरज नाही. मोकळेपणाने घोट घ्यायचा आणि नको तेवढा परत सोडायचा. दुसरा फायदा याहून मोठा. हवा दाबली जाते ती उरलेल्या आखूड वाटेत, पण भडका झाल्यावर पिस्टन खाली येतो तो पूर्ण लांब वाटेने. वायू फुगायला जागा जास्त मिळते, त्यामुळे एरवी धुरासोबत फुकट गेली असती ती उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च होते. वाफेचा दरवाजा लवकर मिटून वाफेला फुगू देणारा रेल्वेचा ड्रायव्हर आठवा. इंग्रज इंजिनिअर जेम्स ॲटकिन्सनने १८८२ मध्येच दाबण्याची वाट आखूड आणि फुगण्याची लांब असं इंजिन बनवलं होतं, पण त्याला दांड्यांची किचकट जुळणी लागायची. झडपेची वेळ सरकवून ते साधलं आणि दांडे अडगळीत गेले. शक्ती कमी पडते ती विजेची मोटर भरून काढते. म्हणून ही चाल हायब्रिड गाड्यांत इतकी शोभते. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडरच्या हायब्रिडमध्ये हीच पद्धत आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर मुख्यालय असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या चाचणीत त्यांच्या नावावर लिटरला २७.९७ किलोमीटर लागले. रस्त्यावर तेवढं पडत नाही हे सांगायला नको, पण बाकीच्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांना हेवा वाटेल इतकं पडतं.

याच्याही पुढे गेलेले लोक आहेत. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये झडप किती खोल उघडायची हेच बदलतं केलं, मिलिमीटरच्या एक तृतीयांशापासून जवळजवळ दहा मिलिमीटरपर्यंत, आणि ताकद कमी-जास्त करण्याचं थ्रॉटलचं काम झडपांकडे दिलं. फियाटने २००९ मध्ये हवेच्या झडपा आणि कॅम यांच्यामध्ये तेलाचा स्तंभ घातला आणि तो हवा तेव्हा रिकामा करून झडप मिटवायची सोय केली. या साऱ्यांत काम करणारे हात वेगवेगळे असतात, पण बहुतेक ठिकाणी हुकूम तेलातूनच जातो.

आणि तेलावरून परत गॅरेजात. माझ्या वडिलांच्या पद्मिनीत तेल म्हणजे नुसतं वंगण होतं. काळं झालं, जाड झालं, तरी ते वंगणाचं काम रेटून न्यायचं. 'तेल जाड तितकं इंजिन सुखी' हा त्यांचा सिद्धांत, आणि त्या इंजिनापुरता तो चुकीचाही नसावा. व्हीव्हीटीच्या इंजिनात तेच तेल निरोप्याचं काम करतं. केसाएवढ्या फटींतून जाऊन त्याला पाकळ्या हलवायच्या असतात. म्हणून कंपन्या ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० अशी पातळ तेलं सांगतात. जाड किंवा शिळं तेल भरलं तर निरोप पोचतो, पण उशिरा. गाळाने जाळी बुजली तर पोचतच नाही. थंडीत पहाटे गाडी सुरू केल्यावर क्षणभर खडखड ऐकू येते, तिचं मूळही पुष्कळदा इथेच. रात्रभरात तेल खाली उतरतं, फुलाच्या कप्प्यांत दाब नसतो. अशा वेळी पाकळ्या आपटू नयेत म्हणून एक खिट्टी फुलाला डब्याशी जखडून ठेवते, दाब आला की सुटते. ती झिजली की तेल पोचेपर्यंत पाकळ्या कप्प्याच्या भिंतींवर टकरा देतात.

मिस्त्रींनी नळी आधी पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासली, विजेच्या तारा लावून दांडी हलते का ते पाहिलं, मान हलवली आणि नवी बसवली. तेल आणि फिल्टर बदलला. गाडी सुरू केली, पाच मिनिटं कान लावून उभे राहिले, मग स्कॅनरवरचा कोड पुसला. बिल करून झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवर छोटी चिठ्ठी चिकटवली: आजची तारीख, आजचं किलोमीटर, पुढचं तेल कधी. तिच्या शेजारीच मागच्या खेपेची चिठ्ठी होती, उन्हाने पिवळी पडलेली, तारखेसकट. तेल कधी बदललं असं मला विचारायच्या आधी याच दारातून वाकून त्यांनी बॉनेट उघडलं होतं.